निरंकचा रकाना

"दादा, तेवढं निरंक लिहून टाक ना. इतकी वर्षं लिहीतच होतास की!"

धाकट्या बहिणीचा फोन होता. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या मांडता मांडता तो थांबला. तिच्या विहिरीच्या नमुन्यात कीटकनाशक सापडलं होतं, तेही मर्यादेच्या चौपट. सकाळी त्यानेच तिला ते कळवलं होतं. त्या विहिरीवर सात घरं पाणी भरत.

"तेव्हा तपासायला मशीन कुठे होतं? तपासलंच नाही, तर सापडणार काय?"

'कीटकनाशकांचा अंश' या रकान्यासमोर सव्वीस वर्षं तो डोळे झाकून निरंक लिहीत आला होता. ऑफिसात त्याचं नावच निरंक पडलं होतं. बायको निरंक, पोरंबाळं निरंक, डबा खायला सोबत निरंक. तोही हसायचा, न हसून सांगतो कुणाला? घरी जाऊन कुलूप काढायचं, एकट्यापुरतं रांधायचं आणि रविवारची वाट बघायची. रविवारी बहीण फोन करायची. त्या दहा मिनिटांवर त्याचा आठवडा निघायचा.

"फवारणीचे पंप कुठे धुता गं?"

"विहिरीच्या काठावर. दुसरीकडे पाणी आहे कुठे? आणि पिकाला औषध मारतो आम्ही, विष नाही!"

"पाण्यात उतरलं की त्याला औषध म्हणत नाहीत."

"अरे, विहीर बंद करतील! सातही घरं आमच्या नावानं खडे फोडतील. ह्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तू लिहिलंस ना, तर मला भाऊ नाही असं समजेन."

तिने फोन ठेवला. तीन अक्षरं लिहिली की रविवार आपला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तेच पाणी तीही पीत होती, तिची पोरंही. त्याने आकडा लिहिला, खाली सही ठोकली आणि नळावर जाऊन उगाचच दोनदा हात धुतले.

विहिरीला जाळी बसली आणि रविवारचा फोन बंद पडला. सुरुवातीला तो फोन उशाशी घेऊन बसायचा. पुढे रविवारीही कामावर यायला लागला. घर खायला उठायचं. आपलं चुकलं का, हे त्याला कुणाला तरी विचारायचं होतं. पण विचारावं असं माणूस एकच होतं, आणि ते बोलत नव्हतं.

पाचव्या महिन्यात, एका सोमवारी, नमुने घ्यायच्या खिडकीशी ती उभी राहिली. हातात बाटली.

"कशाचं पाणी?" त्याने विचारलं.

"नव्या बोअरचं. सातही घरांनी मिळून घेतलीय."

"नाव?"

तिने सासरचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट, परक्याला सांगावं तसं. त्याने ते लिहून घेतलं.

"तुमच्या जवळ दुसरी प्रयोगशाळा आहे," तो बोलून गेला. "एवढ्या लांब कशाला..."

"तिथे सांगू ते लिहून देतात, साहेब. तुम्ही खरं ते लिहिता."

साहेब. आणि तुम्ही! बोलायला लागल्यापासून त्याला अरेतुरे करणारी ही पोर. तरी पण ती आली होती, इतकं लांब, त्याच्याचकडे.

"रिपोर्ट कधी मिळेल?"

"आठ दिवसांनी."

"येईन मग," म्हणून मागच्या माणसाला वाट देत ती निघाली. रिपोर्ट पोस्टाने घरपोच जातो, हे त्याने तिला सांगितलं नाही.