बावीस मीटर वरचं झाड

बाबांना जाऊन दोनच महिने झाले होते, म्हणून वनखात्याचे साहेब त्यांच्या मुलीला शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "त्यांची गेल्या वर्षीची नोंद मात्र खोडावी लागेल."

एकोणतीस वर्षं बाबा दर उन्हाळ्याअखेर डोंगर चढून सगळ्यात वरचं झाड शोधत. माणसाच्या डोक्यावर गेलं तरच ते झाड, नाहीतर नुसतं रोप. खोडाला छातीच्या उंचीवर पत्र्याची चकती बांधायची, जागेची उंची वहीत लिहायची. हवा तापत चालली तशी झाडांची हद्द वर सरकत होती, पण लहरीने. चार-चार वर्षं ढिम्म हलायची नाही. गेल्या वर्षी मात्र बाबांनी ती एकदम बावीस मीटर वर लिहिली. गुडघे कामातून गेलेला माणूस तिथवर चढला कसा, असं साहेबांना वाटत होतं. मनातून तिलाही वाटत होतं, आणि तेच तिला खात होतं.

शेवटी यंदाची नोंद करायला तीच खेचरवाल्या काकांना घेऊन निघाली. बाबांचं सामान जन्मभर त्यांनीच वाहिलं होतं.

"काका, गेल्या वर्षी तुम्ही होता ना सोबत?"

"झऱ्यापर्यंत. पुढे येऊ देईल तर तुझा बाप कसला! म्हणाला, खेचराला सोबत कर, ते घाबरतं. दोन तासांत येतो म्हणून गेला तो पाच तासांनी उगवला. विजारीचं बूड पार फाटलेलं. म्हटलं, या वयात घसरगुंडी खेळलास की काय?"

"मग?"

"म्हणाला, घरी सांगू नकोस. नाही सांगितलं."

झऱ्यापासून ती एकटीच चढली. वहीतल्या उंचीवर झाड होतं, तिच्यापेक्षा वीतभर उंच, वाऱ्याने एका अंगाला कललेलं. छातीशी चकती नव्हती. तिने खोडाभोवती दोनदा हात फिरवला आणि मग मटकन खाली बसली.

चकती समोरच होती. बसल्या माणसाच्या छातीशी. गाठ बाबांचीच, दुहेरी.

म्हणजे बसून चढले होते तर! डोंगराकडे पाठ करून, हातांवर रेटा देत, एकेक वीत. तिला हसू आलं, आणि हसताहसता डोळे पुसावे लागले.

वरच्या दगडांत बोटभर रोपं उगवली होती. "झाडं कुठे चालतात?" बाबा म्हणायचे. "ती पोरांना पुढे धाडतात."

"सापडलं का गं?" खालून काकांची हाक आली.

"सापडलं!"

यंदाही सगळ्यात वरचं झाड तेच होतं. चकती उभं राहून बांधायचा नियम तिला पाठ होता. तिने बसूनच बांधली, बाबांच्या चकतीला लागून. मग वही उघडून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'गेल्या वर्षीची नोंद बरोबर आहे. चकती खाली का, ते समक्ष सांगेन.'