न वितळणारी तार

रहेमतुल्लानं बसवलेली फ्यूजची तार कधी वितळली नाही. वितळलीच तर गल्लीला वीज देणारी डीपीची पेटी वितळे. एकदा म्हणे त्याच्या तारेला भिऊन वीज आल्या वाटेनं परत फिरली, तिकडं वीजकेंद्रातल्या साहेबाचा पंखा उलटा फिरला आणि साहेब खाटेसकट आढ्याला लागला. धामणगाव बढ्याच्या बाजारात ही गोष्ट कुणी खोटी म्हणत नाही. म्हणणाऱ्याच्या गल्लीतली लाइट गेली की त्याला रहेमतुल्लाच्याच दारात यावं लागतं.

असा माणूस, आणि त्याला बोटाएवढ्या फ्यूजनं अडवावं!

त्याची बायको नूरजहां जुन्या गावच्या टेकाडावर पुरलेली. गाव धरणात गेलं, टेकाड तेवढं वर राहिलं. यंदा धरण पहिल्यांदाच काठोकाठ भरत होतं, म्हणजे टेकाडही जाणार. कबरीवरचा पांढरा दगड रहेमतुल्लानं स्वतः कोरला होता. तिचं जे होईल ते अल्लाच्या हाती, दगड तरी त्याला आपल्या अंगणात हवा होता.

गावात डोंगा एकच, गोपाळ भोयाचा. दोघांच्याही खांद्यांत वल्ही मारायचा दम उरला नव्हता, म्हणून गोपाळनं बॅटरीवरची मोटर लावलेली. फ्यूज बॅटरीच्या डोक्यावरच, प्लसच्या बोल्टाला. मलकापूरच्या दुकानदारानं बजावलं होतं, "हा इथून हलवू नका. पुढं वायरीत काही बिघडलं तर आधी हा मरेल, डोंगा वाचेल."

आणि तो मरतच होता. मधल्या पाण्यात जलपर्णी पंख्याला गुंडाळे, मोटर अडे, फ्यूज जाई. दोनदा म्हाताऱ्यांनी हातानं पाणी लोटत डोंगा काठाला आणला.

"रहेमतचाचा," धुणं आपटता आपटता चांगुणा ओरडली, "याच्यापेक्षा माही म्हैस लवकर जाते!"

फ्यूज संपले. पाणी टेकाडाच्या कमरेवर गेलं होतं.

"उद्या मलकापूरहून आणतो," गोपाळ म्हणाला.

"उद्या काय माशायले दगड मागू? सारं गाव माह्या तारेवर चालते. तुह्या डोंग्याले काऊन नाही चालत बे?"

गोपाळनं नाही म्हटलं नाही. त्याच्याही घरची लाइट त्याच तारेवर होती. रहेमतुल्लानं डीपीची जाड तांब्याची तार बोल्टाला आवळली.

डोंगा असा सुटला की बगळे मागं पडले. अर्ध्या पाण्यात जलपर्णीनं पंखा धरला. मोटर जागीच गुरगुरत राहिली.

"पाह्य, गेली काय माही तार?"

"तार नाही गेली. पण फळीखालून धूर काऊन येऊन राह्यला?"

वायरीचं रबर पेटलं, मग डांबर लावलेली फळी. रहेमतुल्लानं तार उपटायला हात घातला, तर बोटांची कातडी तारेलाच राहिली. दोघं रिकाम्या कॅनला धरून कसेबसे अलीकडच्या काठाला लागले. मागं डोंगा पाण्यापर्यंत जळाला, मग विझला.

गोपाळ मलकापूरला गेला नाही. फ्यूज आता लावायचा कशाला? हात फडक्यात बांधून रहेमतुल्ला रोज काठावर बसे, गोपाळ शेजारी. दगडाचा पांढरा ठिपका लहान होत गेला.

"मले काई दिसत नाही," गोपाळ एका दुपारी म्हणाला. "तुले दिसते काय?"

"हाव," रहेमतुल्ला म्हणाला, "दिसते ना."

समोर नुसतं पाणी होतं.