फवारलेल्या कुंड्या

नॉ मूपॉ सकाळी कुंड्यांपाशी गेली, तर पानांना औषधाचा उग्र वास येत होता. चियांग माईच्या डोंगरात, घरामागच्या उतारावर तिने परवाना काढून गांजाच्या तीस कुंड्या लावल्या होत्या. म्हशीचं शेणखत, भाताचा कोंडा आणि मासळी कुजवून केलेलं पाणी, याखेरीज पाच महिने तिने त्यांना काही घातलं नव्हतं. फुलं खालच्या दवाखान्यात रुग्णांच्या तेलासाठी जायची होती.

शेजारच्या कोबीत तिचा दीर सॉ थेवा पाठीवर पंप अडकवून उभा होता.

"भावजी, माझ्या झाडांवर फवारलंत?"

"पानांवर कोळी कीड पडली होती, वहिनी. कोबीचं औषध उरलं होतं, मारून टाकलं. पाण्याने धुवा, कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना. अंथरुणाला खिळलेली माणसं ते तेल जिभेखाली घेतात. तुमच्या पोरीला द्याल का?"

"तुमचं आपलं काहीतरीच," तो हसला.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. कोयता आणून तिने एकेक करत तीसही झाडं बुंध्यातून तोडली. त्याचं हसू केव्हाच मावळलं होतं. मग दवाखान्यात फोन करून तिने घडलं ते सांगितलं.

"आता ही माती उपसा, भावजी. नवी जंगलातून आणायची, तीही तुम्हीच."

अकरा दिवस तो पाठीवरून माती वाहत होता. ती त्याला दुपारी पोटभर वाढायची, पण त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.