निळ्या कॅनचं पाणी

रोजच्याप्रमाणे ज्योत्स्नाने फिल्टरच्या पाण्याची बाटली भरून घेतली आणि ती इंदिरानगरच्या घरातून बाहेर पडली. नाक्यावर कारखान्याचा ड्रायव्हर धनराज टेम्पो घेऊन उभा होता. मागे रिकामे निळे कॅन दोरीने आवळून बांधलेले.

अंबडच्या ज्या कारखान्यात ती नोकरीला होती, तिथे यंत्रं धुण्याचं द्रावण बनत असे. कायदा सांगतो, की मालाबरोबर बाहेर गेलेलं प्लास्टिक कंपनीने माघारी आणावं आणि त्यातला ठरलेला हिस्सा पुन्हा वापरावा. कॅन आणायचे, धुवायचे, आपलाच माल भरायचा. पण धुण्याची खटपट करतो कोण? तिथले मॅनेजर ललितसाहेबांनी सोपी वाट काढली होती. कॅन पेठकडच्या पाड्यांवर वाटायचे, डोक्यावर कॅन घेतलेल्या बायांचा फोटो काढायचा, अहवालात ‘पुनर्वापर’ लिहायचं. खाली सही ज्योत्स्नाची.

पाड्याला ते दानच वाटे. कॅन हलका, झाकणाचा, चढावर हिंदकळत नाही. घरोघरचे हंडे मोडीत गेले. यंदा तर लेकीच्या आंदणातही निळा कॅन गेला होता.

टेम्पो पाड्यावर पोचला, तशी म्हाताऱ्या चिमणाबाईने अंगणात गोधडी अंथरली. "बस गं बाय. लांबून आली." कॅन कलता करून तांब्या भरता भरता ती गुणगुणली,

पाव्हणा आला दारी, आधी द्यावं त्याला पाणी
मग पुसावी कहाणी, वाटंची गं

तांब्या ज्योत्स्नाच्या हाती आला. पाण्याला लिंबासारखा वास होता. कारखान्याच्या शेडमध्ये दिवसभर नाकात बसणारा तोच वास.

"नको मावशी, माझ्याकडे आहे." तिने बाटली वर केली.

चिमणाबाई हसली, पण डोळे हसले नाहीत. "का गं? आमच्या हातचं चालत नाय व्हय तुला?"

"तसं नाही हो."

"मग पी की. राखेनं तीनदा घासलाय कॅन. पयल्यांदा फेस येतो, मंग जातो."

आजीच्या आडून पाच वर्षांची तृप्ती पुढे आली. ओठांच्या कडा फुटलेल्या, जिभेवर फोड. पाहुणी पीत नाही म्हणून तिने तांब्या ओढला. तो ओठाला लागणार तोच ज्योत्स्नाने हिसकावून घेतला. पाणी तिच्याच साडीवर सांडलं.

"तिला देऊ नका. कुणीच पिऊ नका. यात यंत्राचं औषध होतं, मावशी. ते राखेनं जात नाही."

चिमणाबाईने नातीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, बराच वेळ पाहिलं.

"हे तुला कवा कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आज कळलं म्हणता आलं असतं.

"पहिल्या खेपेपासून माहीत होतं."

चिमणाबाईने कॅन उचलला, बांधावर नेऊन उपडा केला. झऱ्यापासून तासभर चढून आणलेलं पाणी मातीत शिरलं. मग शेजारणीला हाक गेली, तिने पुढच्या दाराला दिली. एकेक कॅन बाहेर आला, एकेक उपडा झाला.

"ओतलं बाय," चिमणाबाई म्हणाली. "आता भरू कशात, ते सांग."

ज्योत्स्नाने धनराजला टेम्पोसकट बाजाराला पिटाळलं. दुपार कलताना हंडे आले. बायांनी ते घेतले. आभार कुणी मानले नाहीत, आणि त्या न मानलेल्या आभारांनी ज्योत्स्नाची मान खाली गेली. तृप्तीला दवाखान्यात न्यायला ती पुढे झाली, तर चिमणाबाईने नातीला आपल्याच कडेवर घेतलं आणि टेम्पोत चढली. मागे नवे-जुने सगळे निळे कॅन रचलेले होते.

"मॅडम, साहेबांचा फोन," धनराज पुटपुटला. "फोटो मागतायत."

"काढ," ती म्हणाली. "त्या ओल्या बांधाचा काढ."

दुसऱ्या दिवशी तो फोटो तिने अहवालाला जोडला. कंपनीला आणि सरकारी कार्यालयाला एकेक प्रत धाडली. ‘पुनर्वापर’ खोडून तिने तिथे लिहिलं: ‘या कॅनमधून माणसांनी पाणी प्यायलं. मला माहीत होतं.’ आणि खाली आपलं पूर्ण नाव.