पोटात लाख असलेला गोठ

मित्रांनो, जरा टेकून बसतो आणि मग बोलतो. मी एक जुना गोठ आहे. गोठ म्हणजे मनगटात घालायचं जाडजूड, गोल, सोन्याचं कडं. आम्ही दोघे आहोत, जोडीनेच घडलो. वरून पाहाल तर बोटाएवढे जाड, पिवळेधमक. पण आमच्या पोटात सोनं नाही, लाख आहे. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. आता हे मी चारचौघांत सांगू शकतो. इतकी वर्षं सांगता येत नव्हतं, आणि त्यानेच मी दमलो.

पनवेलच्या सोनारआळीत भगवानशेठच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यांनी पत्रा वळवला, सांधा जोडला, पातळ केलेली लाख आत ओतली आणि तोंड बंद केलं. मला घ्यायला आले आनंदा आणि त्यांची बायको भामा. कामोठ्याच्या जुन्या गावातली ही माणसं. थोडी भातशेती आणि खाडीकडेला मिठागर. भामाची थोरली जाऊ शशिकला हिच्या हातात भरीव सोन्याचे तोडे होते, आणि लग्नकार्यात बायका आधी हात बघायच्या, मग तोंड.

आनंदा म्हणाले, "शेठ, वयनीच्या तोड्यांसारका जाड दिसाला पायजे. पन तेवढा सोना आमाला झेपनार नाय."

भगवानशेठनी काही लपवलं नाही. मला हातात धरून ते म्हणाले, "मग हे लाखेचे गोठ घ्या. घालायला घ्या, मोडायला घेऊ नका. मोडायला आणलेत तर लाख काढून टाकीन आणि उरलेलं सोनंच तोलीन. आणि वहिनी, विस्तवाजवळ न्यायचे नाहीत, गरम पाण्यात घालायचे नाहीत, आपटायचे नाहीत. एवढं सांभाळलंत तर तुमच्या लेकीच्या हातात जातील."

भामाला तेव्हा लेक नव्हती. पण ते वाक्य तिने मनात धरलं. आपली लेक हेच गोठ घालून सासरी जाईल आणि तिला कोणी हसणार नाही, हीच तिची एक इच्छा होऊन बसली. दुकानाच्या पायऱ्या उतरताना ती नवऱ्याला म्हणाली, "लाखेचा हाय ते कुनाला सांगाचा नाय हां." ते बिचारे हो म्हणाले.

काय मिरवलं हो तिने मला! प्रत्येक हळदीला, प्रत्येक बारशाला. बायका माझ्यावरून बोट फिरवायच्या. "भामाचे गोठ बग, कसे भरीव!" ती गालात हसायची आणि गप्प बसायची. मला मात्र अवघडल्यासारखं व्हायचं. जे माझ्यात नाही त्याचं कौतुक ऐकून ऐकून जीव विटतो, मित्रांनो.

आणि सांभाळायची तरी किती! लग्नघरी तांदळाच्या भाकऱ्या थापायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. पण तव्याजवळ बसायच्या आधी ती आम्हाला उतरवून कनवटीला बांधायची. शशिकला चिडवायची, "सोना काय भाकरीला चिकटून जातो का गो तुजा?" सगळ्या खो खो हसायच्या. भामाही हसायची, पण एक हात कनवटीवरच ठेवायची. पुढे आनंदा गेले, मिठागर गेलं, गावाला खेटून इमारती उठल्या. आम्ही कपाटात पडलो. वर्षातून दोनदा बाहेर निघालो तरी खूप. मला त्याचंही फार वाईट वाटलं नाही. अंधारात निदान कोणी भरीव म्हणत नव्हतं.

यंदा भाविकाचं लग्न ठरलं. भाविका म्हणजे भामाची लेक. खांदा कॉलनीत हॉल घेतला, घर पाहुण्यांनी भरलं. भामा त्यांच्या गडबडीत होती. हळदीच्या आदल्या दिवशी शशिकलाने कपाटातून आम्हाला काढलं. मनात काही वाईट नव्हतं तिच्या. पुतणीचे दागिने लखलखले पाहिजेत, एवढंच. तिचे भरीव तोडे ती नेहमी रिठ्याच्या पाण्यात उकळून काढायची. त्याच टोपात तिने आम्हालाही सोडलं आणि गॅस मोठा केला.

आई गं! काय सांगू! आधी नुसती ऊब लागली, मग आतली लाख ढिली झाली. माझा जुना सांधा उकलला आणि पोटातलं सगळं तांबडं, चिकट पाण्यात उतरलं. शशिकलाने घाबरून चिमट्याने मला उचललं, तर चिमट्याखाली मी चेपलोच.

ती किंचाळली. भामा आणि भाविका धावत आल्या.

"भामे, तुला फसवला गो त्या सोनारानी!" शशिकला टोप दाखवत म्हणाली. "आत काय भरलाय बग! चल, आत्ताच्या आत्ता पनवेलला. त्याच्या दुकानासमोर उभी रावून बोंबलते मी. पुन्ना कोनी पायरी चडनार नाय त्याची!"

भामा भिंतीला टेकली. गप्प बसली असती तर तिची लाज राहिली असती आणि भगवानशेठचं नाव मातीत गेलं असतं. मी चिमट्यात लटकलेला, मला तर रडूच येत होतं.

"त्यानी नाय फसवला, जाऊबाय," भामा शेवटी म्हणाली. "त्यानी सगला सांगून दिलता. आमीच लाखेचे घेतले. तुमच्या तोड्यांसारके दिसावे म्हनून."

 शशिकलाने गॅस बंद केला आणि पदराने भामाचं तोंड पुसलं. "येडी कुठली! मला तरी सांगाचा होतास. बरं, आता लगीन होईपर्यंत तोंड उघडू नको. विहिनीला कलला तर पोरीला बोलून दाखवतील."

भाविका आम्हा दोघांना घेऊन भगवानशेठकडे गेली. त्यांचे हात आता थरथरतात, पण त्यांनी मला पोचा काढून सरळ केलं, नवी लाख भरली, सांधा जोडला. एक चेप मात्र राहिलाच. तो अजून आहे.

हळदीच्या संध्याकाळी नवऱ्याची उष्टी हळद घेऊन विहीण आणि तिच्याकडच्या बायका आल्या. हळद लावून झाली. विहिणीने भाविकाचा हात हातात घेतला आणि मला अंगठ्याने दाबून पाहिलं.

"आईचे का गो? भरीव हायत?"

भाविकाने आईकडे पाहिलं. शशिकला घाईघाईने म्हणाली, "भरीव म्हंजे काय, चांगले..."

"नाय, विहीनबाय," भामा मध्येच म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "आत लाख हाय. माज्या मालकांनी हौसेनी घेतले. गरम पान्यात घालू नका, तव्याजवल नेऊ नका. पोरीला ह्याच्यावरून कदी बोलू नका."

 विहिणीने मला पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग मागे वळून आपल्या थोरल्या सुनेला म्हणाली, "ऐकला ना? ह्यांना आपल्या रिठ्याच्या टोपात टाकाचा नाय." आणि भाविकाचा हात तिने सोडला नाही.

भामा तिथेच रडली, आणि आईला पाहून भाविकाही.

मित्रांनो, लाखेचा दागिना घ्यावा का, असं मला कोणी विचारलं तर मी काय सांगू? हौस असेल, अंगावर घालायचा असेल, सांभाळायची तयारी असेल, तर खुशाल घ्या. अडीनडीला मोडायला हवा असेल तर माझ्या वाटेला जाऊ नका, पातळ असेना, भरीवच घ्या. पण घेतलात तर घरी सांगा, जावेला सांगा, लेकीला तर आधी सांगा. विस्तवापासून मला जपायला सगळं घर लागतं. भामा एकटीच जपत राहिली, आणि त्यात तिचं निम्मं आयुष्य भीतीत गेलं.