खोटा धूर

मित्रांनो, मी एक जुने धुराडे आहे. माझ्यासोबत फोटो काढून झाला असेल, तर जरा थांबा आणि माझा राग ऐकून घ्या.

बंदरावरच्या या टेकडीवर पन्नास वर्षांपूर्वी मला विटांनी बांधले. माझ्या पायाशी सार्वजनिक न्हाणीघर होते. वरच्या घरांत न्हाणीची सोय नव्हती. सकाळी बायका खिडकी उघडून आधी माझ्याकडे पाहत. धूर दिसला की पाणी तापले. मग टोपलीत साबण आणि टॉवेल टाकून त्या निघत. नव्या चांद्रवर्षाच्या आदल्या दिवशी तर जिन्यापर्यंत रांग लागे. अंगावर मळ ठेवून पितरांपुढे उभे राहायचे नाही, ही इथली रीत. इतक्या वर्षांत मी एकदाही खोटे बोलले नाही. पाणी गार असले की मी गप्प बसत असे.

पुढे मालक वारले आणि भट्टी विझली. दोन हिवाळे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. मग शहरातून ग्यूतेक नावाचा एकजण आला. म्हणाला, मी तुमचा वारसा जपतो. जपला कसा, तर अंघोळीच्या कोरड्या हौदांत टेबले मांडली, कॉफी विकायला काढली आणि माझ्या पोटात नाटकातला धूर सोडणारे यंत्र बसवले. उद्घाटनही नेमके सणाच्या आदल्या दिवशी ठेवले. यंत्र सुरू झाले आणि माझ्या तोंडून पहिले खोटे निघाले.

थोड्याच वेळात वरच्या गल्लीतली बुन्ने आजी दारात हजर. तिचे गुडघे गेलेले, टेकडी उतरून शहरातल्या न्हाणीघरात जाणे तिला जमत नाही. दोन हिवाळे ती किटलीतल्या पाण्याने नुसते अंग पुसत होती. तिच्यामागे मालसून होती. तिने इथे वीस वर्षे बायकांच्या पाठी घासल्या होत्या. दोघींच्या हातात टोपल्या.

"आजी, हे कॅफे आहे आता," ग्यूतेक म्हणाला.

"मग धूर कसला निघतोय?"

"शोभेचा आहे तो. जुन्या आठवणींसाठी."

"आठवण आहे रे मला. पाणी कुठंय?"

"पाणी नाही. पण बसा ना, टोपली घेऊनच बसा. लोकांना फोटोला आवडेल."

मालसूनने त्याला खालीवर न्याहाळले. "वीस वर्षं मळ काढलाय मी. तुझ्याइतका चिवट नाही बघितला."

गिऱ्हाइके हसली. बुन्ने आजी हसली नाही. बाहेर येऊन तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तू तरी फसवायला नको होतंस." मग तो कोरडा टॉवेल घेऊन ती एकेक पायरी चढत घरी गेली.

मित्रांनो, मला खुशाल पाडा. किंवा कॉफी विका, पण मागे एक हौद तरी या बायकांसाठी तापवा. तेवढेही होत नसेल तर माझे तोंड बंद करा. पाणी नसताना माझ्याकडून धूर काढून घेऊ नका.

आज सकाळी यंत्र पुन्हा सुरू झाले. वरच्या गल्लीत बुन्ने आजीची खिडकी उघडी होती. माझा धूर दिसताच तिने ती लावून घेतली.