अकरा लावा

सातवा गोल झाला तेव्हा गोलकीपर पोरगी चेंडू काढायला वळली आणि जाळी मुठीत धरून क्षणभर पाठमोरीच उभी राहिली.

"लंबू, मान वर," मैदानाच्या कडेवरून मावशी ओरडली. "झाला तो झाला. पुढचा बघ."

लंबू वळली. चेंडू मध्यावर फेकताना तिने बाहीने नाक पुसलं. ती मावशीच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिचं ऐकून क्लबातल्या सगळ्याच पोरी मावशीला मावशी म्हणायला लागल्या होत्या, आणि आता तर त्यांचे आईबापही तिला त्याच नावाने हाक मारत.

मावशी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन. ओल्या चादरींचं ओझं उपसून उपसून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि वाफेने चेहरा कायम तांबूस असायचा. कामाची पाळी संपली की ती घरी न जाता वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत जायची. तिथे एका बाजूला गोलचे खांब होते, दुसऱ्या बाजूला भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा. तेवढ्यावर तिने हा क्लब उभा केला होता.

शहरात त्या वर्षी युवा क्लबांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा भरली होती. मुलींच्या गटात बाहेरच्या एका संघाला व्हिसा मिळाला नाही. जागा रिकामी राहायला नको म्हणून ऐन वेळी मावशीच्या क्लबाला बोलावणं आलं. पोरी हरखल्या. मावशीने जुन्याच जर्सी दवाखान्याच्या मोठ्या इस्त्रीखाली घालून अशा कडक केल्या की पोरी म्हणाल्या, "मावशी, वाकलो तर मोडतील."

समोरचा परदेशी संघ निराळ्याच मातीचा होता. त्या मुली एकत्र राहत, एकत्र शिकत, सकाळ-संध्याकाळ सराव करत. त्यांच्याबरोबर डॉक्टर होता. नुसत्या पाण्याच्या बाटल्या भरायलाही एक माणूस होता.

मध्यांतराच्या शिट्टीआधी आठवा गोल झाला.

कपडे बदलायच्या खोलीत नव्या रंगाचा वास कोंडला होता. एक पोरगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. दुसरीला उगाच हसू येत होतं आणि ते आवरत नव्हतं. मावशी पाण्याची बाटली फिरवत होती, तेवढ्यात दारात स्पर्धेचे सचिव आले. गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ.

"बाई, जरा बाहेर येता?"

बाहेरच्या बोळात ते म्हणाले, "मुलींवर फार ताण येतोय. पाहुण्यांनाही अवघडल्यासारखं होतंय. आपण असं करू, दोन-तीन मुलींना दुखापत झाली असं जाहीर करू आणि सामना इथेच थांबवू. समारोपाला तुमच्या मुलींना मेडल, टोप्या, सगळं मिळेल."

"दुखापत कुणाला झाली?"

"अहो, तसं म्हणायचं असतं."

"पोरी धडधाकट आहेत. हरताहेत, एवढंच."

सचिवांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे सगळं थेट दाखवताहेत बाई. आपल्या शहराची शोभा होते."

"ती तुम्ही सांभाळा," मावशी म्हणाली. "मला माझ्या पोरी सांभाळायच्यात."

सचिव गेले. त्यांच्यामागून लंबूची आई, मावशीची थोरली बहीण, प्रेक्षकांतून उतरून आली.

"थांबव हे, धाकटे. ते म्हणतात ते ऐक."

"तुलापण त्यांनी गाठलं का?"

"कुणी गाठायला कशाला हवं? मला डोळे आहेत. माझ्या मागच्या रांगेतला माणूस प्रत्येक गोलाला हसतोय. ती पोर तिथे एकटी उभी राहते आणि सगळे तिला बघतात. तुझ्या हट्टापायी माझ्या लेकीचं हसं नको."

मावशी म्हणाली, "ताई, मी पोरांबरोबर खेळायचे तेव्हा एकदा भर सामन्यातून तू मला हाताला धरून घरी नेलंस. आठवतं?"

"बाबांनी पाठवलं होतं मला. तू मोठी झालीस म्हणाले."

"माहीत आहे. तुझ्यावर राग नाही माझा. पण तो सामना अजून माझ्या डोक्यात चालूच आहे गं. संपतच नाही."

"म्हणून तू तो माझ्या मुलीकडून संपवून घेणार?"

हा घाव वर्मी बसला. मावशी खोलीत परत गेली आणि दार लोटून त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"ऐका गं. ते म्हणताहेत, थांबा. जिला थांबायचंय तिने थांबावं. कुणी एक शब्द बोलणार नाही. मीसुद्धा नाही."

रडणारी पोरगी वळली. "थांबलो तर काय सांगणार सगळ्यांना?"

"आपल्याला लागलं म्हणून थांबलो, असं."

"पण लागलंय कुठे?"

लंबू हातमोजे काढून मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या बोटांची कातडी पांढरी पडली होती. मावशी तिच्याकडे बघायचं टाळत होती, कारण तिच्याकडे पाहिलं असतं तर तो एक प्रकारचा हुकूमच झाला असता.

"त्यांची नऊ नंबरची आहे ना," लंबू हळूच म्हणाली, "ती डाव्या पायाने मारायच्या आधी खाली बघते. मला आत्ता कुठे कळायला लागलंय. आता काय थांबायचं?" आणि तिने मोजे परत चढवले.

"मला एकदा तरी त्यांच्या हद्दीत जायचंय," सगळ्यांत बुटकी पोरगी म्हणाली. "कसं आहे ते बघून तरी येऊ." मग मात्र सगळ्याच हसल्या. रडणारीसुद्धा.

उत्तरार्ध सुरू झाला तसा एक वेगळाच प्रकार घडला. पाहुण्या मुली पुढे येईचनात. चेंडू आपसांत, मागच्या मागे, इकडून तिकडे ढकलत राहिल्या. प्रेक्षकांतून समजूतदार टाळ्या पडल्या. मावशीच्या पोरी नुसत्याच चेंडूमागे धावत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आठ गोलांनी आली नव्हती इतकी शरम आता आली होती.

मावशी तडक समोरच्या संघाच्या बाकाकडे गेली. त्यांचा प्रशिक्षक तरुण होता. त्याची भाषा हिला येत नव्हती, हिची त्याला. तिने आपल्या गोलकडे बोट दाखवलं आणि पायाने हवेतच एक सणसणीत फटका मारला. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "खेळा. नीट खेळा."

तो तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याचे कान लाल झाले. त्याने मान लववली आणि आपल्या मुलींना हाक मारून काहीतरी सांगितलं.

नववा गोल लगेच झाला. पण त्यानंतर नऊ नंबरची एकटीच आत घुसली, तिची नजर खाली गेली, आणि लंबूने आधीच उजवीकडे झेप टाकली. चेंडू तिच्या तळव्याला लागून बाहेर गेला. पुन्हा एकदा तसंच झालं. दुसऱ्या वेळी नऊ नंबरची थांबली, कमरेवर हात ठेवून तिने लंबूकडे पाहिलं आणि अंगठा वर केला.

बुटकीही चेंडू घेऊन पुढे पळाली. दोघींना चुकवून नव्हे, त्यांच्या पायांत पाय अडकत, पडत, पुन्हा उठत. चेंडू एका पाहुणीला लागून रेषेबाहेर गेला. कॉर्नर. त्यांना मिळालेला पहिला आणि शेवटचा. मारलेला चेंडू जाळीच्या माथ्यावर जाऊन पडला, तरी पोरींनी एकमेकींना अशा मिठ्या मारल्या की पंचांना त्यांना सोडवावं लागलं.

मग दहावा झाला. अगदी शेवटी अकरावा.

हस्तांदोलनं झाल्यावर मावशीचं लक्ष मैदानाच्या टोकाला, गुणफलकाकडे गेलं. लाकडी फळीवर खिळ्यांना आकड्यांचे पत्रे अडकवलेले होते. तिथे अजून आठच लटकत होता. खाली मैदानाचा म्हातारा रखवालदार बसला होता.

"काका, आठ कसे?"

"सचिवसाहेब म्हणाले, आठाच्या पुढे लावू नको. पोरींना तेवढंच बरं वाटेल."

"अकरा लावा."

"बाई, मला सांगितलंय तसं मी करणार. माझी नोकरी आहे."

"मग तुम्ही तिकडे बघा," मावशी म्हणाली आणि स्टूल ओढून वर चढली. आठाचा पत्रा तिने काढला आणि पेटीतून एकाचे दोन शोधले. तोवर सचिव लगबगीने येऊन पोचले होते.

"बाई, हे कशाला? आम्ही तुमच्याच भल्यासाठी केलं होतं."

"ते तीन गोल झाले तेव्हा पोरी मैदानात होत्या, साहेब. धापा टाकत होत्या, पण होत्या. ते तीन पुसलेत तर तेवढा वेळ त्या नव्हत्याच असं होईल."

"लोक हसतील."

"हसू द्या."

तिने पहिला एक लावला. दुसऱ्याचं भोक बुजलेलं होतं, तो बसेना. तिने तळहाताने ठोकून तो बसवला आणि खाली उतरली. पोरी न बोलावताच फलकाखाली गोळा झाल्या होत्या. चिखलाने माखलेल्या, केस विस्कटलेल्या. लंबू मधोमध.

थोरली बहीण गर्दीतून पुढे आली. डोळे सुजले होते. ती मावशीशी बोलली नाही. तिने पर्समधून मोबाइल काढला, तो आडवा धरला आणि मागे सरली. एक डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

"लंबू, जरा बाजूला सरक," ती म्हणाली. "आकडा झाकतोय."